धुण्याच्या टाकीत सोडलेल्या गरम पाण्याबाबत

मी, जिला कामावर सगळे आत्या म्हणतात ती, वय ६१, व्यवसाय ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत देखरेख, राहणार त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, समक्ष हजर राहून सांगते की,

प्रयोगशाळा माझ्या भाच्याची आहे. तेथे केळीच्या कोंबांचे तुकडे बाटल्यांत वाढवून रोपे तयार करतात. भाऊ-वहिनी गेल्यापासून भाचा माझ्याजवळच वाढला.

बाटल्या निर्जंतुक करण्याच्या वाफेच्या भांड्यातले पाणी पूर्वी गटारात जाई. भाच्याने नळी जोडून ते धुण्याच्या टाकीत घेतले. पाणी वाचले, ते तापवण्याची वीजही वाचली. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते.

नियम असा, की नळीचा कॉक उघडणाऱ्याने "गरम" म्हणून हाक द्यायची. टाकीवरून "हात बाहेर" असे उत्तर आल्याशिवाय कॉक उघडायचा नाही. टाकीवर काम करणाऱ्या बाईला आम्ही चिमणी म्हणतो, कारण तिचे तोंड बंद नसते. ती उत्तर देई, "हात बाहेर, जीभ आत!" आणि सगळे हसत.

काल दुपारी मी टाकीशेजारच्या, रोपे वाढवण्याच्या खोलीत होते. मध्ये काचेचा पडदा आहे. वीज वाचवण्यासाठी तिथला एसी दिवसा बंद असतो, छतातून उजेड येतो. त्यामुळे पलीकडे बाटलीला बाटली लागली तरी ऐकू येते. भाचा फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्याने "गरम" म्हटले आणि कॉक उघडला. चिमणी टाकीत वाकून तळ घासत होती. लगेच ती ओरडली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आहेत.

भाच्याने तिचे उत्तर ऐकल्याचे सांगितले आहे. म्हणजे चूक तिचीच ठरते. दवाखान्यात तो मला म्हणाला, "आत्या, तुझे कान हल्ली जरा उतरलेत, नाही का?"

मी म्हणाले, "तुझ्या छातीतली घरघर मला लहानपणापासून दाराबाहेरून ऐकू येते, बाळा."

तो उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "उत्तर स्पष्ट ऐकू आले नाही" असे लिहिले होते. ते खोडून "उत्तर आले नाही" असे करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. भाचा बाहेर बाकावर बसला आहे. मला घरी नेण्यासाठी तोच थांबला आहे.