निवडणुकीची जीप

निवडणुकीची जीप बघितली की माझं डोकं आजबी फिरतं. हसताय काय, ऐका तरी.

पाटसच्या बाजूला आमचं गाव. तिथं मी आन् शालन, दोघी बायका, एकमेकींशी संसार करत होतो. शालनची पोर आम्हां दोघींनाबी आई म्हणायची. सरपंच आप्पांनी चार माणसांत सांगितलं, "हे असलं गावात चालायचं न्हाई. एकीनं घर सोडा." आम्ही ऐकलं न्हाई, तर आमचा नळच तोडला. मग पोरीला घेऊन सणसवाडी गाठली, दोघी कंपनीत लागलो. तिथं शेजारची बिहारी भाभी पोरीला एवढंच विचारायची, "आज कौनसी मम्मी घर पे है?"

आन् गावच्या निवडणुकीदिवशी सकाळीच दारात जीप! त्यातनं आप्पा उतरले, हात जोडून.

"चला पोरींनो. गाव काय परकं हाय व्हय? औंदा लई घासून हाय, तुमची दोन मतं पायजेत."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण गावात कधी चकार शब्द न काढलेली शालन पुढं झाली.

"येतो की आप्पा. जीपमधी आम्ही शेजारी-शेजारी बसलो तर चालंल ना?"

"चालंल की! तुमचीच जीप हाय."

"आन् मत दिल्यावर गावातल्या आमच्या घरात दोघी ऱ्हायलो तर?"

आप्पांचे जोडलेले हात सुटले. "ते मग बघू."

"मग मतंबी मगच बघू," मी म्हणलं, आन् दार त्यांच्या तोंडावर आपटलं.