पंचावन्न शनिवार

हॅलो?… हॅलो, बाबा?… बोला ना. फोन तुम्ही केलाय.

परत?… कॉम्प्युटर परत बंद पडला आणि आपोआप सुरू झाला?… हो, हो, कळलं. तुम्ही हात लावला नव्हता. कधीच लावलेला नसतो.

चिडत नाहीये हो. घाईत आहे. आमच्या बिल्डिंगच्या सॉनात शनिवारी सातला वाफ घ्यायचा आमचा नंबर असतो ना… चुकला की बसा आठवडाभर. खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभी आहे मी. बोला पटकन.

…बाबा? मान हलवलेली मला इथे टुर्कूत दिसत नाही. तोंडाने सांगा.

काय?… शेजारचे कालेर्वोकाका कशाला नेतायत तो?… सोमवारी? भंगारात?… नाही, नाही, थांबा. अहो, ऐका ना… आधी ऐका. आईचा कॉम्प्युटर आहे तो! तिची शनिवारची फाइल आहे त्यात. एकोणीस वर्षं लिहिलीय तिने…

तिला नकोय म्हणजे?… कोणाला? आईला?

…नीट सांगा. हां, बसले मी. टॉवेल ठेवला बाजूला.

तुम्ही लिहिता?… आईच्या फाइलमध्ये?… कधीपासून?… ती गेली त्याच्या पुढच्याच शनिवारपासून. आणि हे मला आज कळतंय, चौदा महिन्यांनी… हो, नाही विचारलं मी. कसं विचारणार? ‘बाबा, तुम्ही गुपचूप काही लिहिता का हो?’ असं विचारतं का कोणी?

मग ते लिहिलेलं गेलं कुठे?… सगळं?… दर शनिवारी? सॉनातून येऊन बघितलं की पुसलेलं?…

आणि तुम्हाला वाटलं, आईच पुसतेय.

…नाही, हसत नाहीये. हसत नाहीये म्हटलं ना! नाक वाहतंय माझं.

अहो, ती कशाला पुसेल? फार तर तुमच्या ओळीत चार शब्द घुसडले असते तिने… म्हणून काय भंगारात द्यायचा? एवढा राग?… राग नाही. बरं. ‘नकोय तर राहिलं.’ म्हणजे रागच की तो, बाबा.

मला सांगा, लिहिता कसं तुम्ही? एकेक सांगा… आईच्याच पद्धतीने. आधी तारीख, मग हवा, मग मनात असेल ते… आणि मग उठून सॉनात. आल्यावर वाफ कशी होती ते लिहायचं आणि तेव्हाच सेव्ह करायचं. अर्धा शनिवार सेव्ह करायचा नाही… हो, हो, म्हणायची खरी आई तसं.

निळ्या वहीपासूनची सवय तिची. आठवतं ना? कॉम्प्युटर यायच्या आधी… तुमची पुरुषांची फेरी आधी व्हायची. तुम्ही लालबुंद होऊन पायरीवर वाफाळत बसायचात आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, ‘किती डिग्री होतं रे आत?’… तुम्ही म्हणायचात सत्तर. ती लिहायची ऐंशी!… हो ना. ‘लोक वाचतील उद्या, आपली लाज नको जायला.’ कोण लोक वाचणार होते, देव जाणे. मग आम्ही बायका. मला खालच्या फळीवर बसवायची, हातात अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी देऊन. त्या ओल्या पानांचा वास… बाबा, इथे आमच्या तळघरातल्या सॉनात पंचवीस वर्षं बसतेय मी. तो वास नाही. वर भिंतीवर घड्याळ टांगलंय, ते बघत घाम काढायचा.

हं… हं, आहे मी. कुठे होते?… हां. हात न लावता रिकामा राहिला की बंद पडतो, असं तुमचं म्हणणं. एरवीही पडतो का? गुरुवारी, शुक्रवारी?… बातम्या वाचता वाचता झोप लागली तुम्हाला… दोन तास?… आणि तो चालूच?

मग दुकानात?… तेच म्हणतेय मी. दुरुस्तीवाल्याकडे सोमवार ते शुक्रवार रात्रंदिवस नुसता चालू ठेवला होता, एकदाही पडला नाही. ‘मशीन ठणठणीत आहे, तुमच्या वडिलांना तपासा,’ म्हणाला मेला. मी तेव्हा ऐकून घेतलं.

म्हणजे फक्त शनिवारी. फक्त तुम्ही सॉनात असताना… नाही हो, आई नाही! थांबा जरा. एकही ओळ राहिली नाही का?… सहा? सहा राहिल्यात?… शेवटची कधीची?… चोवीस फेब्रुवारी, गेल्या वर्षीची. आणि दोन मार्चपासून एकही नाही.

…

नाही, फोन कट नाही झाला. मोजतेय. बाबा, सॉनात ती विजेची भट्टी कधी बसवली आपण?… सत्तावीस फेब्रुवारी. हो, मंगळवार होता. रजा काढून आले होते मी.

माहितीय मला तुम्हाला नको होती. पण हातात लाकडं घेऊन बर्फावर घसरलात, कंबर धरून अंगणात पडून राहिलात, कालेर्वोकाका आले म्हणून… मी काय करणार होते? आणून बसवली. तीन दिवस बोलला नाहीत माझ्याशी… एरवीही बोलत नाही, कबूल. पण त्या तीन दिवसांत जरा जास्तच नव्हतात बोलत. चौथ्या दिवशी म्हणालात, ‘बरी आहे.’

ऐका, आता एक आठवून सांगा. ती भट्टी मधूनमधून आपली आपण बंद होते, परत सुरू होते, बरोबर? सुरू होताना कट् करून आवाज येतो… त्या वेळी घरातले दिवे मिणमिणतात का?… मिणमिणतात! तुम्ही पाहिलंय?… सॉनाच्या खिडकीतून दिसतो खोलीतला दिवा. दर वेळी?… आणि तुम्हाला काय वाटायचं?

…आई डोळा मारते.

अरे देवा. बाबा, बाबा, बाबा… वर्षभर ती डोळा मारतेय, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

कालेर्वोकाका गेले का घरी?… अजून सॉनातच आहेत? भट्टी चालू आहे? वा! मग पायरीवर जा आणि ओरडून सांगा, भट्टी बंद करा, थोडं थांबा आणि मी हाक मारली की परत लावा… नागडे असतील तर असू देत. कोण बघतंय, तळं?… आता खोलीत या. माउस धरा. हलवत राहा… हलवतच राहा, थांबू नका. म्हणजे आता तो रिकामा नाही ना बसलेला? हात आहे ना तुमचा?… हं, मारा हाक.

…ऐकू आली. इथपर्यंत आली.

काय झालं?… काळा?… गेला?… हातात माउस असताना! बघितलंत?… अहो, रिकामा असतो म्हणून नाही पडत तो. भट्टी लागली की एकदम वीज ओढते, घरात क्षणभर कमी पडते. दिवा नुसता मिणमिणतो, पण हा म्हातारा, याला तेवढंही सोसत नाही. तुम्ही सॉनात जाता तेव्हाच तो रिकामा बसतो आणि तेव्हाच भट्टी चालते. आपण आपले त्याच्या बसण्याला नावं ठेवत बसलो.

आई नव्हती पुसत, बाबा. मीच पुसत होते. माझी ती भट्टी.

…हो. आहेच ती वाईट. मान्य. जिंकलात.

काकांना सांगा, आता बंदच ठेवा… कुडकुडू देत, सॉसेज द्या त्यांना. तुम्ही आईची फाइल उघडा… आज अजून उघडलीच नव्हती ना?… उघडली? काय आलं?… चौकोन? कसला चौकोन?… नेहमीचाच म्हणजे?… थांबा! थांबा, थांबा, दाबू नका! हात काढा माउसवरून! दोन्ही हात टेबलावर!

वाचा, काय लिहिलंय त्यात. सावकाश… ‘सेव्ह न झालेला मजकूर… परत आणायचा का?’

…आणि तुम्ही दर शनिवारी ‘नाही’ दाबत होतात?… का, पण?

…मी सांगितलं होतं. हो. त्या खोट्या बँकवाल्याचा फोन आला होता, तेव्हा. ‘बाबा, स्क्रीनने काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. काहीही!’ मीच. टेबलावर बोट आपटून.

पंचावन्न वेळा… एवढं ऐकतं का हो कोणी मुलीचं?

आता ‘हो’ दाबा… दाबा ना. मी सांगतेय ना… दाबलंत?… काय दिसतंय?… बाबा?… बोला ना हो.

आहे?… आजची? सॉनाला जायच्या आधी लिहिलेली?… वाचाल?… नको असेल तर राहू दे, तुमचं तुमच्यापाशी… हं.

…‘शनिवार, बावीस मार्च. उणे तीन. तळ्यावरचं बर्फ अजून वजन पेलतंय, पण कडेने पाणी सुटलंय. साइमी, वरच्या फळीवरची खिडकीजवळची जागा तुझीच आहे. कालेर्वोला मी तिथे बसू देत नाही.’

…

आहे. आहे मी इथेच… नाही गेले. साडेसात वाजून गेले, दुसरं कोणीतरी बसलं असेल आमच्या वेळेला. बसू दे.

पुरी करा ना ओळ. वाफ राहिलीय. काय लिहिताय?… ‘वाफ विजेची.’ बास?… बास. बरं. आता सेव्ह… वरचं ते चित्र… झालं?

…बाकीच्या?

नाही, बाबा. त्या नाही येत परत. ‘नाही’ म्हटलं की तो टाकून देतो. पंचावन्न शनिवार. बाबा, मी… मला कळायला हवं होतं. दर रविवारी फोन करते, ‘जेवलात का, गोळ्या घेतल्यात का,’ आणि ठेवते. माफ करा मला…

काय?… आहेत म्हणजे? कुठे आहेत?… पाठ?… सगळ्या?

…आठवडाभर एकच ओळ मनात घोळवायची, मग पाठ होणारच… हो. बरोबर आहे तुमचं. सांगा बरं पहिली. दोन मार्चची.

‘उणे अकरा. नवी भट्टी. तुला आवडली नसती. टूलिक्कीने रडू नये म्हणून मी बरी आहे म्हटलं.’

…

नको. नको बाबा, पुढची मला नका सांगू. माझ्यासाठी नाहीत त्या. तिथे लिहा. हो, आत्ताच, भट्टी बंद आहे तोवर. दोन बोटांनी तर दोन बोटांनी, लागू दे किती वेळ लागायचा तो. आणि दर ओळीला सेव्ह करा हं, आई काहीही म्हणो… कॉफी करून घ्या आधी. आणि काकांना सांगा, सोमवारी गाडी आणायची गरज नाही. सांगाल ना?… बाबा?

हॅलो?… हॅलो, ऐकताय ना?

…हे काय वाजतंय? टाइप करताय?… लिहायला बसलातसुद्धा. फोन टेबलावर टाकून.

…बरं. लिहा. ठेवते मी.