साडेनऊ मीटरची होडी

—नाही, दिओलिंदा वहिनी, ‘हळू बोल’ म्हणू नकोस मला. एकतीस वर्षं ब्रसेल्समध्ये काढलीत, या कॉफीच्या दुकानात माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडणारे मंत्री बघितलेत मी. होय, तो कागद मीच लिहिला. तीन वर्षं तारलीला जाळं टाकायचं नाही, मुभा फक्त नऊ मीटरच्या आतल्या होड्यांना — हे वाक्य माझं, स्वल्पविरामासकट माझं! दोन दिवस बसमध्ये अंग आंबवून आलीस, मक्याचा पाव आणलास, सगळं खरं, पण म्हणून ‘मी नाही लिहिला’ असं म्हणणार नाही. मसुदा अजून माझ्या टेबलावरच आहे, तरी फुटला; गावात काय बोलतात? झेफेरिनोची बहीण तिकडे जाऊन मोठी झाली नि सख्ख्या भावाच्याच पोटावर पाय दिला — हेच ना? बोलू देत. तू मात्र नीट ऐकून जा. ती समोरची काचेची इमारत बघ. तिच्या वरच्या मजल्यावर युरोपातल्या सत्तावीस देशांचे सत्तावीस जण दर बुधवारी बसतात — आयोग म्हणतात तो हाच. ते राजकारणी. शपथ घेतात, की माझ्या देशाच्या सरकारचं ऐकणार नाही, सगळ्यांचं भलं बघीन. आणि त्यांच्या खाली आम्ही, हजारो माणसं — तपासणारी, विचारणारी, मसुदे लिहिणारी. आम्ही लिहितो, ते बुधवारी हो म्हणतात, मग तो प्रस्ताव देशोदेशींच्या मंत्र्यांपुढे जातो नि ते रात्रंदिवस भांडून काय ते ठरवतात. मग यात मी कोण? कारकून! एक कारकून बाई तुमच्या होड्या कशी बांधून ठेवेल? — हसतेस? बरं, हस. खरंच आहे तुझं. कोऱ्या कागदावर पहिला आकडा जो लिहितो ना, पुढे सगळे त्याच्याच आकड्याभोवती भांडतात. हे मी कुणाला सांगत नाही.

आणि मला काय फोन आले नाहीत? आपल्या राजधानीतून, लिस्बनहून, एक सरकारी गृहस्थ, अगदी मधाळ आवाजात — “इदालिनाबाई, जरा आपल्या माणसांकडे बघा.” मी म्हटलं, आपली माणसं म्हणजे कोण हो? सरहद्दीपलीकडच्या गालिसियातले कोळी कुणाचे? त्याच्याही वरच्या किनाऱ्यावरचे, ब्रिटनीतले, कुणाचे? ते काय दगड खातात? ठेवलाच फोन. बंदी हवीच, वहिनी, त्यावरून मला कुणी इंचभर हलवू शकत नाही. शास्त्रज्ञांचे कागद बाजूला ठेव, तू दादाला विचार — गेल्या उन्हाळ्यात जाळ्यात बोटाएवढी तारली येत होती की नाही? येत होती ना? आणि तरी उतरवलीच ना धक्क्यावर? मग! अजून दोन हंगाम असे गेले तर दादा काय पकडेल, समुद्राचं पाणी?

—काय म्हणालीस? मग नऊच का? हे कुणी पढवलं तुला, दादानं? — नाही? तुझं तूच विचारतेस. हं. नऊच का. शास्त्रज्ञ म्हणाले होते, नऊ ते दहा, कुठेही रेघ ओढा, माशाला फरक पडत नाही. आणि आपली ‘सेन्योरा दा गिया’, दादाची होडी, साडेनऊ मीटरची. ठाऊक आहे गं, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार, दर मे महिन्यात तिचा रंग खरवडला आहे मी. दहा लिहिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, भावासाठी लिहिलं. म्हणून नऊ. स्वच्छ काम. — कुणीतरी म्हणजे कोण? म्हणजे... नाही, इथे दादाचं कुणालाच माहीत नाही. मी सांगितलंच नाही. फाईल घेताना एक फॉर्म भरावा लागतो, या विषयात तुमचं नात्याचं कुणी गुंतलंय का — तिथे मी ‘नाही’ लिहिलं. का म्हणजे? हो लिहिलं असतं तर फाईल त्या व्हिएन्नाच्या गृहस्थाला दिली असती, ज्यानं डब्याबाहेरची तारली कधी बघितली नाही! मला हवी होती ती फाईल. मलाच हवी होती. अकरा वर्षांची होते मी, बाबांनी दादाला उचलून होडीत घेतलं, तो रडत होता, ओकत होता, त्याला समुद्र नकोच होता — आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, मला घ्या, मला घ्या. “बायकांनी पाय ठेवला की मासा पळतो,” म्हणाले. किनाऱ्यावर बसून जाळी सांधली मी, बोटं सोलून निघाली, नि एकदाही — एकदाही, वहिनी! आणि आता अख्खा समुद्र माझ्या टेबलावर आला, कोण होडी काढणार नि कोण किनाऱ्यावर बसणार हे मी —

नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला. शब्द असेच येतात तोंडात. हात सोड. — काय? अजून? अजूनही ओकतो? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, रोज पहाटे? आणि तू हे आजवर... त्यानं सांगू नको म्हटलं होतं. मला नव्हतं माहीत. मला वाटायचं, तो मजेत आहे तिकडे.

ऐक आता. बंदी राहणार. तीन वर्षं, त्यातला एक दिवस कमी होणार नाही. पण मसुदा अजून वर गेलेला नाही, उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे आहे. मी आत्ता वर जाते नि आमच्या वरिष्ठ बाईंना सांगते, त्या किनाऱ्यावर माझ्या सख्ख्या भावाची होडी आहे आणि फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. फाईल जाईल. खुर्चीही जाईल कदाचित, जाऊ दे. रेघ दुसरं कुणीतरी ओढेल — आणि त्यानंही नऊवरच ओढली तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही, सांगून ठेवते. — रडायला काय झालं? उपकार नाही करत मी तुमच्यावर! ऊठ. पिशवी घे. माझी वाट बघत बसू नकोस इथे, किती वेळ लागेल कोण जाणे, आणि तुझी बस सहाची आहे. — नाही, त्याला काही सांगायचं नाही. काही म्हणजे काही नाही. जा, वहिनी. जा म्हटलं ना.