हिराच्या नावाचा चषक

मंडळी, डहाणूतले आलात, वाडीवरचे आलात, गंजाडहूनही माणसं आली आहेत. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. बोलते, पण रडून नाही. रागाने.

हिरा काविळीने गेली. तिशीही उलटली नव्हती. ती किनाऱ्यावरच्या मच्छीमार वाडीतल्या दामूकाकांची लेक, मी रेल्वे क्वार्टर्समधली, दोघी एका वर्गातल्या. माझ्या वडिलांनी रेल्वेच्या टीमचा जुना फुटबॉल आणून दिला आणि शाळेमागच्या मैदानात आम्ही मुली खेळायला लागलो. गोलात हिरा. ती असली की आम्ही मागे वळूनही पाहत नव्हतो.

गोलाला जाळं नव्हतं. दामूकाकांनी आपलं विरलेलं जाळं दिलं, हिराने ते शिवून बांधलं. झालं, वाडीचं डोकं फिरलं. जाळं म्हणजे लक्ष्मी, बाईने ते ओलांडायचंसुद्धा नाही, आणि या पोरी त्यात लाथेने चेंडू मारतात म्हणे. अहो, तेच जाळं फाटलं की शिवायला बाई लागते. तेव्हा नाही ते बाटत?

महाराष्ट्र होऊन वीस-एकवीस वर्षं झाली होती. आजूबाजूच्या देशांच्या बायकांच्या संघांची फुटबॉल स्पर्धा परदेशात भरणार होती. मुंबईत निवड झाली आणि आपल्या देशाच्या संघात गोलकीपर म्हणून हिराचं नाव आलं. आपली हिरा, देशाकडून. पेढे वाटायचे की नाही? वाडीने बैठक बोलावली.

त्या हंगामात दर्यावर म्हावरा कमी मिळत होता. खापर कुणावर फुटलं? हिरावर. ती परदेशी गेली तर दामूच्या होडीवर एकही खलाशी चढणार नाही, असं ठरलं. पाटीलकाका, वाडीचे पुढारी म्हणून तुम्हीच ठरवलंत. तोंडावर बोलतेय, पाठीमागे नाही.

दामूकाका म्हणाले, तू जा पोरी, मी एकटा होडी काढीन. एकट्याने होडी निघते का हो? मी हिराशी कडाकडा भांडले. घाबरट म्हटलं तिला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा दर्यावर एकटा जाईल, आणि मी तिकडे चेंडू अडवत बसू?"

नाही गेली. संघ गेला, ती नाही गेली. पुढे लग्न झालं, म्हावऱ्याची पाटी डोक्यावर आली, आणि मैदानाच्या रस्त्यानेसुद्धा ती कधी गेली नाही. लांबच्या वाटेने बाजारात जायची. आणि म्हावरा? तो पुढच्या हंगामातही कमीच होता. तेव्हा कुणाला धरलंत?

आज याच सभेत तिला वाडीची शान म्हणालात. फोटोला हार घातलात. हिराच्या नावाने फुटबॉलचा चषक ठेवणार, असंही जाहीर केलंत. कुणासाठी? पुरुषांच्या संघांसाठी. लाज वाटते मला. वरातीमागून घोडं आणलंत, त्यावरही तुम्हीच बसणार?

हिराची लेक कमळ माझ्या शाळेत तिसरीत आहे. समोर बसलीय, बापाशेजारी. रोज सुट्टीत भिंतीवर चेंडू मारते, बाई, मला गोलात उभं करा म्हणते. तिचा बाप भला माणूस आहे, पण त्यालाही होडीच चालवायची आहे. तो म्हणतो, बाई, वाडी काय म्हणेल?

म्हणून वाडीलाच विचारते. सोमवारपासून मी मुलींची टीम उभी करणार आहे. गोलाला जाळं बांधणार आहे आणि गोलात कमळला उभं करणार आहे. ज्याला हे पटत नाही, त्याने आत्ता, हिराच्या फोटोसमोर उभं राहून तसं सांगावं. नंतर बैठका नकोत. खलाशी अडवणं नको.

कुणीच उठत नाही? पाटीलकाका, तुम्हीही नाही?

बरं. आता आपण सगळे हिरासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. दोन मिनिटांत कुणी तोंड उघडलं नाही, तर तो मी वाडीचा होकार समजेन.

उभे राहा.