आईचा रकाना

रुबा : दवाखान्याचा कॉम्प्युटर पुन्हा अडकला, अबू घस्सान. बाराला रक्तपेढीची गाडी सुटते, आणि वासिफची नोंद काही त्यांच्या चिठ्ठीच्या मजकुरात उतरत नाहीये.

अबू घस्सान : अगं पोरी, मी स्वतः भरलीये ती. त्यात चूक कसली निघणार?

रुबा : पेढीला साध्या मजकुरात चारच गोष्टी हव्यात. मुलगा, वय, रक्तगट, आई. पहिल्या तीन बिनबोभाट येतात. आईच्या रकान्यात तुम्ही काय लिहिलंत?

अबू घस्सान : उम्म वासिफ. वासिफची आई. आख्खं गाव तिला तसंच हाक मारतं.

रुबा : म्हणून प्रोग्राम आईचं नाव शोधत वासिफकडे जातो. वासिफच्या नोंदीत आई कोण, तर उम्म वासिफ. घाण्याच्या बैलासारखा फिरत बसलाय बिचारा.

अबू घस्सान : मग आई गाळून टाक. तीनच पाठव.

रुबा : वासिफ औदे दोन आहेत. दोघंही सात वर्षांचे, दोघंही उद्या रक्त चढवून घ्यायला येणार. एकाचं दुसऱ्याला गेलं तर?

अबू घस्सान : नको नको, तसलं बोलू नकोस.

रुबा : तिचं स्वतःचं नाव हवं. बाहेर बाकावरच बसल्यात त्या.

अबू घस्सान : परक्या बाईला मी नाव विचारू? तीस वर्षं हे रजिस्टर चालवतोय, पण असलं कधी केलं नाही. तूच विचार. मी चहात पुदिना टाकून आणतो.

रुबा : चहा तर तुमच्या हातातच आहे.

अबू घस्सान : तो गार झाला.

(तो दार ओढून बाहेर जातो. रुबा दार उघडून बाकाकडे बघते.)

रुबा : उम्म वासिफ, जरा आत या ना. तुमचं स्वतःचं नाव काय?

उम्म वासिफ : माझं? कशाला गं? काही चुकलं का?

रुबा : चुकलं नाही. वासिफच्या रक्ताच्या चिठ्ठीवर लागतं.

उम्म वासिफ : फिद्दा. सासरी आल्यापासून कोणी विचारलंच नव्हतं.

रुबा : हं, उतरलं बघा. वासिफ औदे, वय सात, ओ निगेटिव्ह, आई फिद्दा. पाठवते आता. उद्याची बाटली त्याचीच असेल.

उम्म वासिफ : देव तुझं भलं करो, पोरी. पाठव, पण त्याआधी ते शेवटचं पुन्हा एकदा वाच ना.