देवाच्या वस्त्राचं निर्माल्य

नारायणाचं नाव घेतलं, टाळ खाली ठेवा, मंडळी, आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. पवित्र कोण? जो मळाला शिवत नाही तो, की जो मळ काढतो तो?

माना हलल्या! पण निम्म्या अशा आणि निम्म्या तशा! ठीक आहे. गोष्ट ऐका, मग ठरवा.

कोकणात कोंडआगर नावाचं गाव. गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ. देवाची वस्त्रं धुवून, वाळवून, घडी घालून द्यायची सेवा पोंक्ष्यांच्या घराकडे. गेली अडतीस वर्षं ती द्वारकाकाकू करतात. बाई कडक! सोवळं म्हणजे सोवळं. आंघोळ करून, विहिरीच्या पाण्यात वस्त्रं पिळून, काठीने उंच वलणीवर टाकायची. खालून मांजर गेलं तरी काकू त्याच्याकडे असं बघायच्या, की ते बिचारं परत आंघोळ करून येईल!

पण श्रावणात कोकणात काय वाळतं, मंडळी? काही नाही! तीन-तीन दिवस वस्त्र ओलं. मग त्याला वास. म्हणून मुलाने, श्रीरंगने, गेल्या वर्षी कपडे वाळवायचं यंत्र आणलं. हीट पंपवालं. म्हणजे काय? ऐका, सोपं आहे. आत कोमट हवा फिरते, कपड्यातली ओल उचलते. ती हवा पुढे गार नळ्यांवर जाते, तिथे ओलीचं पाणी होतं आणि ते डब्यात पडतं. हवा पुन्हा कोमट होऊन कपड्यांत. तीच हवा, गोल गोल! जाळपोळ नाही, भडका नाही. म्हणून वीज कमी, आणि म्हणूनच वेळ जास्त. अडीच तास लागतात. घाई असेल त्याने इस्त्री घेऊन बसावं!

यंत्र माजघरात बसलं. काकूंनी पहिल्याच दिवशी कायदा केला. यंत्राला हात फक्त माझा, आणि तोही आंघोळीनंतर.

सून केतकी. शहाणी मुलगी. तिने यंत्राबरोबरचं पुस्तक वाचलं. उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "आई, यात दाराशी जाळी आहे. कपड्यांचे धागे, पिंजलेला कापूस तिथे अडकतो. दर वेळी काढायचा."

"सोवळ्यात मळाला हात लावू? शिव शिव!"

"मग आंघोळीआधी काढा."

"पारोशाने यंत्राला शिवू?"

"मग मी काढते."

"तू? तू तर मुळीच नाही!"

बघा हं, मंडळी! आंघोळीआधी यंत्राला शिवायचं नाही. आंघोळीनंतर मळाला शिवायचं नाही. आणि तिसऱ्याने तर उंबराच ओलांडायचा नाही. मग जाळी काढणार कोण? नारायण येणार वैकुंठातून?

पाण्याचा डबा मात्र काकू रोज ओतायच्या. पाणी म्हणजे पाणी, त्यात काय! केळीच्या आळ्यात जायचं. पण जाळी? वर्ष झालं, तिला कोणी हात लावला नाही. यंत्रावर एक लाल दिवा लागायला लागला. काकू म्हणाल्या, दिवा लागलाय, म्हणजे चांगलंच चाललंय!

हसू नका. तुमच्या गाडीतही लागतो असा एक दिवा. आणि तुम्हीही तसेच चालवता.

यंदाचा श्रावण आला. अडीच तासांचे चार झाले, चाराचे सहा. वस्त्र बाहेर काढावं तर दमट! काकूंच्या मनात एकच — माझ्यामागे सून शिवते. दुसरं कारणच नाही!

अष्टमीच्या तीन दिवस आधी देवळाच्या पायरीवर विनायकभटांनी वस्त्रांची घडी काकूंना परत दिली. पुजारी माणूस, वयाने लहान, बोलायला अवघडला. म्हणाला, "काकू, वास येतोय. हे तिसऱ्यांदा. पंच म्हणतात, अष्टमीलाही असंच आलं तर सेवा दुसऱ्या घरी द्यावी."

अडतीस वर्षं, मंडळी! काकूंचा नवरा गेला त्या वर्षीही तेराव्यानंतर सेवा चुकली नव्हती. पायाखालची पायरी हलली त्यांच्या. आणि माणूस घाबरला की काय करतो? दुसऱ्याचं नाव घेतो! दहा बायका उभ्या होत्या. त्यांच्यासमोर काकू बोलून गेल्या, "माझा दोष नाही हो. आमची सून शिवाशिव करते."

केतकी मागेच उभी होती. हातात फुलांची परडी.  तिने ती कट्ट्यावर ठेवली आणि घरी चालू लागली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सगळी वस्त्रं पुन्हा धुतली, यंत्रात घातली. दुपारपर्यंत सहा तास झाले. दार उघडलं — दमट! काकू जमिनीवरच बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं.

केतकी उंबऱ्यापाशी आली. तिला बोलायची संधी होती, मंडळी! कालचं सगळं व्याजासकट काढता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, जाळी."

काकूंनी मान फिरवली. जमायचं नाही!

तिसरी सकाळ उजाडली, म्हणजे अष्टमीचा आदला दिवस. काकू न्हाऊन, सोवळं नेसून घरच्या देवांपुढे बसल्या. पूजेत आधी काय करतात? गंध? फुलं? नाही! आधी कालचं निर्माल्य काढतात. वाळलेली फुलं, काळी पडलेली, बुळबुळीत झालेली पानं. ती सोवळ्यातच काढतात, हाताने काढतात, आणि ते काढल्याशिवाय नवं फूल वाहत नाहीत.

काकूंचा हात तिथेच थांबला. मनात आलं, हे रोज काढते मी. मग जाळीत अडकलंय ते कुणाचं आहे? देवाच्या अंगावरच्याच वस्त्राचं ना? मग तो मळ कसला! ते निर्माल्य आहे, आणि मी ते वर्षभर साठवलंय!

पूजा आटोपून काकू उठल्या आणि माजघरात गेल्या. "केतकी! कशी काढायची?"

केतकी धावत आली, उंबऱ्याशी थांबली. "आधी बटण बंद करा. हं. आता दारातली जाळी वर ओढा."

जाळी निघाली. तिच्यावर गोधडीएवढा जाड थर! हवा जाणार कुठून? काकूंनी तो सोलून काढला, जाळी धुतली, फडक्याने टिपली.

"कोरडी झाल्याशिवाय बसवू नका, आई. आता खालचं झाकण. आत पातळ पट्ट्या आहेत, त्यांवरूनच हवेतली ओल निघते. मऊ ब्रश, उभाच फिरवायचा. आडवा गेला तर पट्ट्या वाकतात."

काकू वाकायला गेल्या. गुडघे वाकेनात. चष्म्यावर वाफ. आत काही दिसेना. दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "तू ये."

"मी अजून आंघोळ केली नाही, आई."

 उद्या अष्टमी. काकू म्हणाल्या, "कळलं मला. ये."

केतकी जमिनीवर पालथी झोपली आणि पट्टी-पट्टी साफ केली. वाळलेली जाळी परत बसली, वस्त्रं पुन्हा धुवून, घट्ट पिळून आत गेली. अडीच तासांनी दार उघडलं. खडखडीत!

संपली गोष्ट? नाही! खरी गोष्ट आता आहे.

अष्टमीची सकाळ. तीच पायरी, त्याच बायका. विनायकभटांनी घडी नाकाशी नेली. चेहरा खुलला. "वा, काकू! सूनबाईंना लांब ठेवलंत वाटतं?"

काय सोपं होतं, मंडळी! नुसतं हसायचं. सेवा राहिली असती, मान राहिला असता. आणि खरं सांगितलं तर? पारोसा हात लागलेल्या यंत्रातलं वस्त्र भटजी परत करणार, आणि अडतीस वर्षं त्या पायरीवर संपणार!

काकू म्हणाल्या, मोठ्याने म्हणाल्या, "नाही. यंत्र तिनेच साफ केलं. आंघोळीआधी. त्याआधी ती कधीच शिवली नव्हती. जाळी मी तुंबवली आणि नाव तिचं घेतलं. इथेच घेतलं, म्हणून इथेच सांगते. वस्त्र नको असेल तर परत द्या."

 विनायकभटांनी एकदा घडीकडे पाहिलं, एकदा पायरीखाली उभ्या असलेल्या केतकीकडे. मग घडी छातीशी धरली आणि गाभाऱ्यात गेले. आतून आवाज आला, "सूनबाई, फुलं आणा. देवाला वस्त्र नेसवून झालं की लागतील."

कळलं, मंडळी? आता घरी जा. यंत्र असेल तर जाळी काढा, ते फार अवघड नाही. अवघड दुसरं आहे. आपल्या हातचं तुंबलं आणि आपण नाव सुनेचं घेतलं, भावाचं घेतलं, कामाच्या बाईचं घेतलं. चारचौघांत घेतलं! आणि माफी मात्र मागतो स्वयंपाकघरात, हळूच, कोणी ऐकत नाही असं बघून. ती माफी नव्हे. नाव जिथे घेतलंत, त्याच पायरीवर जा, त्याच माणसांसमोर उभे राहा, आणि मोठ्याने परत घ्या.

इथे बसलेल्यांपैकी कुणाला आत्ताच उठायचं असेल, तर उठा. मी थांबतो. नारायण तर थांबलेलाच आहे.