आळीव कोनासाठी?

—नाही हो पाटलीनबाई, असं नाही देता येत. आळीव म्हनजे काही जवारी नाही, माप लावलं अन् ओतलं. बसा न, उभ्या काऊन? त्या खाटेवर बसा, ऊन येते तिथं. तर मी काय म्हनत होती — माह्या घरी आळीव होते एवढंसं. मोरीच्या पान्यावर दोन वाफे, बस. कार्तिकात टाकते, माघ सरता सरता उपटते, वाळवते, झोडपते. अन् त्यावर सारं रोहिनखेड. बाळंतीन पाटलाघरची असो, नाहीतर नजमुन्निसाची सून असो, लाडू माह्याच आळीवाचे. दूध येते, कमरेत ताकद येते. मूठ मूठ जपून देते मी. अन् तुमी मांगता दोन शेर! दोन शेरात तर गावातल्या साऱ्या बाळंतिनी उठून बसतीन.

अन् तुमच्या घरी बाळंत कोन झालं? — कोनीच नाही न. मंग? गुडघ्यासाठी? गुडघ्याले चमचाभर पुरते, रोज दुधात. मांगच्या हिवाळ्यात मीच देत होती तुमाले, तवा तुमीच म्हनल्या, नको वं झुंबरे, उष्न पडते. हाव, उष्न तर हायेच. कोवळं पान नुसतं जिभेवर ठेवा, झोंबते कसं ते पाहा. राखेत ओलं करून परातीत टाकलं तर तिसऱ्या दिवशी मोड काढते, इतकी त्याच्यात ताकद. म्हनून तर दोन जिवाच्या बाईले आमी देत नाही. बाळंत झाल्यावर अमृत, अन् त्याच्या आधी — असं पाहू नका माह्याकडं. मी काही इचारून नाही राह्यली. सांगून राह्यली नुसतं.

माही तानू आठवते का तुमाले? आठवत असंन. तवा कारभार तुमच्या सासूबाईच्या हाती होता, तुमी चुलीपाशी. मानमोडीचा ताप आला त्या साली जावई गेला, तीन दिवसात. तानू सतराची. सासरच्यांनी गाडीत घालून आनली अन् माह्या अंगनात उतरवून दिली, जसं कोनाचं उसनं भांडं परत करावं. दोन वर्सं बरी गेली. निंदाले जाये, कापूस येचाले जाये, हासेबी कधीमधी. मंग एक दिवस भाकर थापता थापता उठली अन् मागच्या अंगनात जाऊन ओकली. मी समजली. अवं, मी किती बायकाची पोटं चोळली, मले काय सांगा लागते? तिनं तोंड उघडलं, तर मी हात ठेवला तिच्या तोंडावर. नाव ऐकाचंच नव्हतं मले. मंग तिनंबी सांगितलं नाही. आता वाटते, इचारलं असतं तर — जाऊ द्या.

कसं कळलं कोन जाने, दोन दिवसानं तुमच्या सासूबाई आल्या. गोजरबाई. तुमी बसल्या न, तिथंच बसल्या. म्हने, 'झुंबरे, गावात राहाचं असंन तर एकादशीच्या आत निस्तर.' एवढं बोलल्या, पदर सारखा केला अन् गेल्या. आता माह्याजवळ काय होतं? आळीव होतं. त्याच्यात अजून काय कालवलं ते मी या तोंडानं सांगनार नाही, तुमाले नाही अन् देवालेबी नाही. लाडू वळले. तूप घातलं, खोबरं घातलं, गूळ जास्त — कडू लागू नये म्हनून. बाळंतिनीचे वळते तसेच. ताटलीत तिच्यापुढं ठेवले. अन् बाई — पोरगी हासली. एवढ्या दिवसात पहिल्यांदा हासली. म्हने, 'आई, आतापासूनच लाडू? अजून तर पाच महिने हायेत.' तिले वाटलं, आईनं लेकरू कबूल केलं.

मी काय म्हनलं? म्हनलं, 'खाय.'

सहा दिवस खाल्ले तिनं. एक सकाळी, एक दुपारी. खाताना एक हात पोटावर. सातव्या दिवशी उन्हं वर आली तवा रगत जाऊ लागलं, अन् दुपारपर्यंत खाट भिजली, खाटेखालची भुई भिजली. मी फडके बदलू बदलू थकली. पानी मांगे अन् पेये नाही. शेवटी म्हने, 'आई, त्याले काही झालं नाही न?' मी म्हनलं, नाही वं माय. खोटं. ते एक खोटं, अन् मंग दुसरं — गावाले सांगितलं पटकी झाली. तुमच्या सासऱ्यानं, तवाच्या पाटलानं, मोताच्या वहीत पटकी लिवलं. मोताळ्याच्या ठान्यावरून जमादार आला तवा राख थंडी झाली होती. त्यानं इचारलं, गावात अजून कोनाले पटकी? मी म्हनलं, नाही, एकटीलेच. त्यानं माह्याकडं पाह्यलं, तुमच्या सासऱ्याकडं पाह्यलं, पान खाल्लं अन् गेला. त्या साली मी आळीव पेरलं नाही. पन मोरीकाठी आपोआप उगवलं, सांडलेलं बी. उपटलं तर पुन्हा उगवलं. मंग म्हनलं, ठीक हाये, उगव. ज्या बाळंत होतीन त्या तरी खातीन.

हे मी आजपावतो कोनाले बोलली नव्हती. तुमाले काऊन बोलली मलेच समजत नाही. त्या दोन शेरानं बोलाले लावलं. बाई, हात जोडते, नका देऊ तिले. चौथा सरून पाचवा लागला, आता तर पोट नाही पडनार, पोरगीच जाईन — काय? मले कोनं सांगितलं? —

हाव. तुमी तर शालूचं नावबी नाही घेतलं. तोंडच माहं सैल. बरं, निंगालं ते निंगालं. आलती शनिवारी. तुमची थोरली सून, थोरला गेल्यापासून तुमच्या घरी शेन काढते ती शालू. पदरात तोंड घालून बसली इथं. या खेपी मी नाव आधी इचारलं, बाई. तिनं सांगितलं. तुमी मान खाली काऊन घातली? तुमालेबी ठाऊकच होतं. किसनचं. तुमच्या धाकट्याचं. त्यानंच तिले सांगितलं म्हने, 'आई तुह्यासाठी आळीवाचे लाडू करनार हाये.' माही तानू हासली होती, ही नाही हासली. म्हने, 'मावशी, मले जगाचं हाये. अन् याले जगवाचं हाये.'

नका उठू घाईनं. घरी जाऊन काही फायदा नाही. कापडं घेऊन नदीवर गेली म्हनता? नदीवर नाही ती. दिस निंगाला तवाच शकूरभाईच्या गाडीत — नाही, कोनाच्याबी गाडीत नाही. गेली. कुठं ते इचारू नका, तेवढं सैल नाही माहं तोंड. तुमी इथं बसल्या त्याले दोन घटका झाल्या. तेवढा वेळ मले पायजेच होता. अन् तुमच्या मालकाले सांगा, मोताळ्याचा जमादार आता पुन्हा आला तर मी पटकी सांगनार नाही. शालूची नाही अन् तानूचीबी नाही. मले बांधून नेतीन तर नेवोत. पन ती वही तुमच्या घरात हाये, अन् अक्षर तुमच्या सासऱ्याचं हाये. झालं माहं सांगून. जा आता. आळीव नाही, काही नाही. जा.

काऊन, उठत नाही? तिकडं काय पाहता? — दारात कोन हाये? किसन? तुमी त्याले संग आनलं होतं, बाई? कवापासून उभा हाये तो तिथं? — किसन, बाबा, ती काठी खाली ठेव. मी तुह्या जन्माच्या वक्ती तुले या हातानं झेललं. अरे, आतून कडी कायले लावतं? — नाही, पाटलीनबाई, तुमी नका जाऊ आता. त्या दिवशी तुमच्या सासूबाई पाठ फिरवून गेल्या होत्या. तुमी बसा. बसा अन् पाहा—